जुगाराच्या उपचारानंतर घरी: पैसा, फोन आणि पहिलं वर्ष

दारू पिऊन माणूस दारात आला की घरच्यांना कळतं. जुगार खेळलेल्याच्या तोंडाला वास येत नाही, पाय लटपटत नाहीत. तो जेवतो, पोराचा अभ्यास घेतो, झोपतो, आणि मधल्या वेळात संडासात मोबाइल नेऊन वीस हजार घालवून येतो. त्याचा माग एकाच ठिकाणी लागतो, पैशात. म्हणून व्यसनमुक्ती केंद्रातून सुट्टी झाल्यावर आधी पैशाची आणि फोनची व्यवस्था लावायची. शपथा, नवस, भावकीच्या बैठका सगळं त्यानंतर.

खेळ मटक्याचा असो, तिर्रटच्या पत्त्यांचा असो, मोबाइलवरच्या आयडीचा (म्हणजे सट्ट्याच्या साइटवरच्या खात्याचा) किंवा रमीचा, घरी आल्यावरची पद्धत बहुतेक सारखीच आहे. केंद्रात फोन नव्हता, खिशात पैसे नव्हते, दारात सावकार नव्हता. तिथं महिना-दोन महिने खेळला नाही यात फार नवल नाही. खरी परीक्षा एसटीतून उतरल्यावर स्टँडच्या टपरीपासून सुरू होते.

सुट्टी होण्याआधी घरच्यांनी करायची कामं

फवारणीचं औषध घरातून हलवा. हे पहिलं काम. कर्जाचा आकडा घरात उघड होतो ते दिवस जिवाच्या दृष्टीनं सगळ्यात धोक्याचे असतात. कीटकनाशक, तणनाशक, उंदराचं औषध आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या शेडमध्ये, पेटीत कुलूप लावून ठेवा आणि किल्ली भावाकडे किंवा शेजाऱ्याकडे द्या. फवारणीच्या दिवशी लागेल तेवढंच काढायचं. मरणाची भाषा कानावर आली तर ती धमकी समजून सोडून देऊ नका. माणसाला एकटं ठेवू नका आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन लावा. हा फोन रात्रंदिवस चालू असतो, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. कुणी औषध घेतलंच तर उलटी काढायच्या भानगडीत न पडता १०८ ला फोन करा आणि बाटली सोबत न्या, कारण डॉक्टरला लेबल पाहिजे असतं. पोलीस केसच्या भीतीनं उशीर करू नका. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम ११५ नुसार असा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच गृहीत धरतात.

दुसरं काम केंद्राकडून कागद घेण्याचं: सुट्टीचं कार्ड, गोळ्यांची नावं आणि मात्रा, पुढच्या भेटीची तारीख. दोन झेरॉक्स काढून ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत जुगाराचं व्यसन हा स्वतंत्र आजार आहे, त्यामुळे सरकारी मानसोपचार ओपीडीत “आम्हाला दारूचा नाही, जुगाराचा त्रास आहे” असं सांगायला लाजायचं कारण नाही. संभाजीनगरचं घाटी रुग्णालय, नांदेड, लातूर आणि अंबाजोगाईची शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं इथं मानसोपचार विभाग आहेत, आणि जिल्हा रुग्णालयातही मानसिक आरोग्य कार्यक्रमाची ओपीडी चालते. केंद्र पुण्याला असलं तरी पाठपुरावा जवळ ठेवा. दर खेपेला पुण्याचं भाडं आणि दोन दिवसांची मजुरी मोडणार असेल, तर तिसऱ्या भेटीपासून माणूस जायचं टाळतो.

पहिली भेट आठवड्याच्या आत, मग तीन महिने दर पंधरा दिवसांनी. बरं वाटतंय म्हणून गोळ्या आपल्या मनानं बंद करायच्या नाहीत. डॉक्टरांना आधीच्या सगळ्या गोळ्या दाखवा. कंपवातासाठीची काही औषधं आणि ॲरिपिप्राझोल नावाची गोळी यांनी काही जणांत जुगाराची ओढच वाढते. ही गोळी चालू असेल तर ते बोलून घ्यायला हवं, पण तीसुद्धा स्वतःहून थांबवायची नाही.

पैसा कुठून आत येतो, ते आधी लिहा

बहुतेक घरं एटीएम कार्ड काढून घेतात आणि काम झालं समजतात. मराठवाड्यातल्या शेतकरी घरात पैसा निदान सात-आठ वाटांनी येतो: आडतीवरची सोयाबीनची पट्टी, कापूस, उसाचं बिल, दर दहा दिवसांचं दुधाचं बिल, पीएम किसान आणि नमो शेतकरीचे हप्ते, पीक विमा, अतिवृष्टीचं अनुदान, बचत गटाचं कर्ज, आणि अधूनमधून विकलेली शेळी. नोकरदाराच्या घरी पगार, पतसंस्थेचं कर्ज आणि पीएफ. प्रत्येक वाटेसमोर लिहा: पैसा कोणत्या खात्यात येतो, त्या खात्याला कोणाचा मोबाइल नंबर जोडलाय, काढायला कोणाची सही लागते.

इथं चार चुका हमखास होतात.

पहिली, जॉइंट खात्याची. नवरा-बायकोचं खातं काढलं, पण फॉर्मवर “आयदर ऑर सर्व्हायव्हर” असेल तर दोघांपैकी कोणीही एकटा सगळे पैसे काढू शकतो. पाहिजे ते “जॉइंटली”, म्हणजे दोघांच्या सह्यांशिवाय पैसे निघत नाहीत. अशा खात्याला सहसा एटीएम आणि यूपीआय मिळत नाही. बँकवाले “गैरसोय होईल” म्हणतील. ती गैरसोयच आपल्याला हवी आहे.

दुसरी, कार्ड घेतलं पण नंबर तोच ठेवला. यूपीआय चालू करायला आता डेबिट कार्डच लागतं असं नाही, आधारच्या ओटीपीवरही पिन तयार होतो. बँकेत नोंदवलेलं सिम त्याच्या फोनमध्ये असेल तर पाच मिनिटांत नवं ॲप टाकून खातं जोडता येतं. म्हणून शाखेत जाऊन त्याच्या खात्याला बायकोचा, आईचा किंवा भावाचा नंबर लावून घ्या. मग त्याच्या सिमवरून यूपीआय उघडणारच नाही.

तिसरी, अनुदानाचं खातं. सरकारी पैसा आधारला जोडलेल्या बँकेत जातो, पासबुक कोणतं दाखवलं होतं त्याला महत्त्व नाही. आधारच्या संकेतस्थळावर “बँक सीडिंग स्टेटस” पाहिलं की कोणती बँक जोडली आहे ते कळतं. कधीकाळी मोबाइलवरून उघडलेलं, घरात कोणाला माहीत नसलेलं खातं तिथं निघतं. घरच्यांच्या नजरेत असलेल्या खात्याच्या शाखेत आधार जोडणीचा फॉर्म भरून द्या.

चौथी आडतीवरची. माल घालायला तो गेला, पट्टी रोख घेतली आणि घरी येताना वाटेत बसला. आडत्याला घरातल्या दोघांनी भेटून सांगायचं: पैसे चेकनं किंवा खात्यावरच, रोख नाही, आणि उचल तर अजिबात नाही. “उगं बदनामी कशाला” म्हणून लोक हे सांगत नाहीत. पण आडत्याला बरंचसं आधीच माहीत असतं. त्याच्याकडूनच तर दोनदा उचल झालेली असते. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबात मुकादमाची उचल ही तशीच जागा. दसऱ्याच्या आधी मुकादमाशी बोलून ठेवा, उचल बायकोच्या हातात पडेल असं बघा.

रोजचा खर्च मात्र त्याच्या हातात द्यावाच. चाळीस वर्षांच्या माणसाला चहाला दहा रुपये मागायला लावलं की तो ते दुसरीकडे मागतो. शंभर-दीडशे रुपये रोज, आणि वही. वहीचं पान असं दिसतं:

सोमवार. मिळाले १५०. चहा २०, पंक्चर ४०, पोराची वही ३०, पेट्रोल ५०. शिल्लक १०.
मंगळवार. मिळाले १५०, कालचे १०. चहा २०, पेट्रोल ५०, किरकोळ ७०. शिल्लक २०.

सोमवार ठीक आहे. मंगळवारच्या “किरकोळ ७०” ला भोक आहे. सत्तर रुपये कुठं गेले हे भांडून विचारायचं नाही, रविवारी बसल्यावर विचारायचं. रविवारी संध्याकाळी अर्धा तास, पासबुक छापून आणलेलं, वही समोर. इतर सहा दिवस पैशाची उलटतपासणी बंद. रोज रात्री झडती घेतली की घर पोलीस ठाणं होतं, आणि माणूस खोटं बोलण्यात पुन्हा पटाईत होतो.

सहा-आठ आठवडे वही नीट चालली आणि त्याच्याकडे स्मार्टफोन असेल, तर यूपीआय सर्कल बघा. यात खातं बायकोचं, तो दुय्यम वापरकर्ता. अंशतः मुभा दिली तर प्रत्येक पेमेंटला तिची मंजुरी लागते. पूर्ण मुभेतही महिन्याला १५,००० च्या वर जात नाही. सुरुवात अंशतः मुभेनंच करा.

फोन

पहिले तीन महिने बटनाचा साधा फोन असेल तर उत्तम. शेतकऱ्याच्या बाबतीत तर आम्ही आग्रहच धरतो, कारण कृषिपंपाची लाईट रात्रीची असली की हा माणूस रात्री बारापासून पहाटेपर्यंत एकटा मोटारीजवळ बसलेला असतो, हातात मोबाइल, बोलायला कोणी नाही. मोबाइलवरचा खेळ कित्येकांचा याच वेळी वाढलेला असतो. रात्रीच्या पाण्याला साधा फोन आणि जमलं तर सोबतीला माणूस.

स्मार्टफोन लागतच असेल तर या क्रमानं:

१. फोन फॅक्टरी रिसेट करा. नुसती ॲपं काढून भागत नाही. लपवलेली ॲपं आणि दुसरं व्हॉट्सॲप राहून जातं.

२. प्ले स्टोअरला पॅरेंटल कंट्रोलचा पिन बायकोनं टाकायचा. पण सट्ट्याची ॲपं बहुधा प्ले स्टोअरवरून येत नाहीत, लिंकवरून येतात. म्हणून सेटिंगमध्ये अनोळखी ॲप इन्स्टॉल करण्याची परवानगी क्रोम, व्हॉट्सॲप, टेलिग्राम आणि फाइल्स या प्रत्येकासाठी वेगळी बंद करा. ही परवानगी परत चालू करता येते, हे खरं. पण तल्लफ बहुधा पंधरा ते तीस मिनिटांत ओसरते, आणि आपल्याला तेवढाच वेळ काढायचा असतो.

३. बेटब्लॉकर हे ॲप फुकट आहे. एका दिवसापासून पाच वर्षांपर्यंत जुगाराच्या साइट बंद करता येतात. आधी सात दिवसांसाठी लावून फोनची बाकी कामं नीट चालतात का ते बघा, मग एक वर्ष. रोज नवी साइट निघते, त्यामुळे यात सगळं अडेल असं समजू नका.

४. टेलिग्राम काढून टाका. व्हॉट्सॲपवरचे टिप्सचे ग्रुप सोडा आणि आयडी देणाऱ्याचे नंबर ब्लॉक करा. तो दुसऱ्या नंबरवरून “भाऊ, पाचशेचा बोनस टाकलाय” असा मेसेज करील. उत्तर द्यायचं नाही, शिवीसुद्धा नाही. उत्तर गेलं की नंबर चालू आहे हे त्याला कळतं.

५. गूगलच्या जाहिरातींच्या सेटिंगमध्ये जुगाराच्या जाहिराती कमी करण्याचं बटन आहे, ते दाबा. क्रिकेट स्कोअरच्या ॲपची नोटिफिकेशन बंद.

सिम बदलायचं ठरलं तर आधी बँक, आधार आणि गॅसला नवा नंबर लावा, मग जुनं सोडा. बंद पडलेला नंबर काही महिन्यांनी कंपनी दुसऱ्याला देते आणि तुमचे ओटीपी त्याच्याकडे जायला लागतात.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदीचा कायदा केला. त्यात गेम चालवणाऱ्यांना, जाहिरात करणाऱ्यांना आणि पैसे फिरवणाऱ्यांना शिक्षा आहे, खेळणाऱ्याला नाही. मोठ्या कंपन्यांनी पैशाचे गेम बंद केले हे चांगलंच झालं. पण परदेशातून चालणाऱ्या साइट आणि गावातला आयडीवाला कायद्याला विचारून धंदा करत नव्हतेच, त्यामुळे “आता बंदी आलीय” म्हणून वरच्यापैकी काही सोडू नका. आणखी एक सापळा: “तुझं बँक खातं वापरायला दे, महिन्याला पाच हजार देतो.” त्या खात्यातून सट्ट्याचा किंवा सायबर फसवणुकीचा पैसा फिरतो. कुठल्या तरी राज्यातला सायबर पोलीस खातं गोठवतो आणि चौकशी खातेदाराची होते. पासबुक आणि सिम कोणाला दिलेलं असेल तर आजच बँकेत लेखी कळवा.

कर्जाचा कागद

केंद्रात सांगितलेला कर्जाचा आकडा शेवटचा नसतो. लाजेपोटी एक-दोन नावं मागं ठेवलेली असतात, बहुधा मेव्हण्याचं किंवा पतसंस्थेतल्या जामीनदाराचं. लपवलेलं एक कर्ज सगळी व्यवस्था पोखरतं, कारण त्याचं व्याज चोरून भरायचं म्हणजे चोरून पैसा लागतो, आणि चोरून पैसा उभा करायचा माहितीतला मार्ग एकच असतो. म्हणून पहिल्या आठवड्यात एकदा बसा, पंधरा दिवसांनी परत बसा, आणि दुसऱ्या वेळी निघालेल्या नावावर आरडाओरडा करायचा नाही असं आधीच ठरवा.

कागदावर सहा रकाने: कोणाचे, मुद्दल, व्याज, आतापर्यंत दिले किती, काय लिहून दिलं, जामीन कोण. “काय लिहून दिलं” हा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. कोरा चेक, सही केलेला स्टँप, सोनं, की जमिनीचं खरेदीखत? सातबारा आणि फेरफार काढून बघा, नवा बोजा किंवा नाव चढलंय का. बँका आणि फायनान्ससाठी सिबिलचा, म्हणजे नावावरच्या कर्जांचा, अहवाल वर्षातून एकदा फुकट मिळतो. ॲपवरून घेतलेली पाच-पाच हजारांची कर्जं त्यात दिसतात. बायकोच्या नावानं उचललेलं बचत गटाचं आणि मायक्रोफायनान्सचं कर्ज वेगळं लिहा. आठवड्याचा हप्ता चुकला की गटातल्या बाकी बायका दारात येतात, आणि ते तिला एकटीला सोसावं लागतं.

सावकाराचं महिन्याला शेकडा पाच व्याज, हे शब्द हलके वाटतात. एक लाखावर महिन्याला पाच हजार, वर्षाला साठ हजार. वीस महिने व्याज भरलं की एक लाख गेले आणि मुद्दल जागेवर. हा हिशेब कागदावर मांडून त्याच्याच हातानं लिहून घ्या.

आता कायद्याचं. बुकीची किंवा आकडेवाल्याची उधारी कोर्टात वसूल होत नाही. भारतीय करार अधिनियम १८७२ च्या कलम ३० नुसार पैजेचा करारच रद्दबातल आहे. पण त्यानं चेक किंवा स्टँप घेतला असेल तर तो “हातउसने दिले होते” म्हणेल. चेक वटला नाही तर नोटीस येते, आणि नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवसांच्या आत पैसे देण्याची मुदत असते. ते पाकीट न फोडता कपाटावर ठेवू नका, त्याच दिवशी वकिलाकडे जा. वकिलाची फी झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत वकील मिळतो. बाईला तर उत्पन्नाची अट नाही. चौकशीचा फोन १५१००. विनापरवाना सावकारी असेल, त्यात जमीन लिहून घेतली असेल, तर सहकारी संस्थांच्या जिल्हा किंवा तालुका उपनिबंधकांकडे महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम २०१४ खाली लेखी तक्रार देता येते. बँकेच्या आणि फायनान्सच्या वसुलीवाल्याला सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातच्या नंतर फोन करायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. फोटो पाठवून धमक्या देणाऱ्या कर्जाच्या ॲपची तक्रार सायबर हेल्पलाइनला, १९३० वर.

फेडायचा क्रम असा ठेवा: धान्य, औषध, पोरांची फी आणि जूनमधलं बी-खत आधी बाजूला. मग जिथं घर, जमीन किंवा दुसऱ्याची जामीनकी अडकली आहे ते. मग जास्त व्याजाचं. नातेवाईक शेवटी, पण महिन्याला पाचशे का होईना, ठरलेल्या तारखेला. सगळं बँकेतून, पावती घेऊन, आणि कर्ज मिटताना मूळ चेक आणि स्टँप परत घेऊन.

आणि एकर विकून सगळं एकदम मिटवू नका. बाप किंवा सासरा कळवळून हे करतो. पण कोरी झालेली पाटी म्हणजे नवी उधारी मिळायची सोय. ज्यानं काल दारात शिव्या दिल्या तोच उद्या परत द्यायला तयार होतो, कारण “ह्याचा बाप फेडतो” हे त्याला कळलेलं असतं. खरंच विकायची वेळ आली तर पैसा जुगाऱ्याच्या हातातून न जाता थेट देणेकऱ्याच्या खात्यावर गेला पाहिजे.

गावात वावरताना

लोक विचारणारच. उत्तर आधी ठरवलेलं असावं, छोटं. टपरीवर असं:

“काय रं, दोन महिने दिसला न्हाईस?”

“दवाखान्यात व्हतो, अण्णा. पत्ते-आकडे सोडलेत. मला उसने दिऊ नका, अन् मागितले तर घरी फोन करा.”

शेवटचं वाक्य सगळ्यात अवघड आणि सगळ्यात कामाचं. पाच-सहा माणसांना ते सांगितलं की उधारीची निम्मी दारं बंद होतात.

तुळजाभवानीची शपथ किंवा खंडोबाचा भंडारा उचलायला लावणं घराघरांत चालतं. श्रद्धेला आमचा विरोध नाही. माळ घातल्यानं संध्याकाळ हरिपाठात जाते, आणि संध्याकाळ भरणं फार मोलाचं आहे. अडचण शपथेच्या शब्दांत असते. “पुन्हा खेळणार नाही” ही शपथ एकदा मोडली की माणूस देवाचाही गुन्हेगार होतो, मग तो लपवतो, आणि लपवण्यात वर्ष जातं. शपथ घ्यायचीच तर “खेळलो तर त्याच दिवशी सांगीन” अशी घ्या.

पत्त्याच्या अड्ड्यावर “नुसता बघायला” बसायचं नाही. १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्यात अड्ड्यावर सापडलेला माणूस खेळायलाच आला होता असं धरलं जातं, म्हणजे नुसतं बघणं पोलिसांनाही पटत नाही. दिवाळीला पोरांसोबत पाच-पाच रुपयांचे पत्ते, गणपतीच्या जागरणातला डाव, लग्नात जानवसघरातली बैठक, जत्रेतलं सोरट, हे सगळं पहिलं वर्ष बंद. लिलावाची भिशी पण बंद, कारण ती एकरकमी रोख हातात देते. सरकारी लॉटरी कायदेशीर आहे म्हणून तिकीट चालतं, हा युक्तिवाद ऐकून घ्यायचा आणि नाही म्हणायचं. शिकलेल्या पोरांत वाट बदलून ऑप्शन ट्रेडिंग येतं, “हा अभ्यासाचा खेळ आहे” म्हणून. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीनं २०२४ मध्ये दाखवलं की मागच्या तीन आर्थिक वर्षांत वायदे बाजारात (ऑप्शन ट्रेडिंग यातच येतं) उतरलेल्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले. डिमॅट असेल तर त्यातला वायदे-ऑप्शनचा विभाग बंद करून घ्या.

कॅलेंडरवर धोक्याच्या तारखा लाल करा: मार्च अखेरीपासून दोन महिने आयपीएलच्या साडेसातच्या मॅच, दिवाळीच्या आसपास सोयाबीनची पट्टी, उसाच्या बिलाचा आठवडा, पगाराची तारीख. त्या दिवसांत संध्याकाळी सहा ते दहा काय करायचं ते आधीच लिहा: धार, भजन, भावासोबत गावाला जाणं, काहीही. हातात रोकड खेळणारं काम वर्षभर नको. पिग्मी गोळा करणं, पेट्रोल पंप, फायनान्सची वसुली या नोकऱ्या चटकन मिळतात आणि चटकन बुडवतात.

गॅम्बलर्स अनॉनिमस ही जुगार सोडणाऱ्यांनी एकमेकांना आधार द्यायची संघटना १९५७ पासून चालू आहे, पण भारतात त्यांचे गट मोजकेच आहेत. जवळ नसेल तर ऑनलाइन सभा बघा, आणि ज्याला दारू सोडून दहा वर्षं झालीत असा एए (अल्कोहोलिक्स अनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांची तशीच संघटना) मधला जुना माणूस तालुक्याला शोधा. खेळ वेगळा असला तरी तल्लफ कशी येते हे त्याला सांगावं लागत नाही.

घसरला तर

लक्षणं अशी: पासबुक छापायला टाळाटाळ, फोन पालथा ठेवणं, किलोमीटर नाहीत पण पेट्रोल संपलं, शेळी बाजारभावापेक्षा स्वस्तात विकली, सिबिलमध्ये नवी चौकशी. आणि एक जे घरच्यांना सुचत नाही: अचानक आणलेला पेढ्यांचा पुडा, बायकोला साडी. हरल्यावर माणूस गप्प होतो, जिंकल्यावर उदार.

घसरल्याचं कळल्यापासून चोवीस तासांत चार गोष्टी. किती गेले ते लिहा. कोणत्या वाटेनं पैसा आणि खेळ मिळाला ते शोधा आणि ती वाट त्याच दिवशी बंद करा. डॉक्टरांना फोन करून पुढची तारीख अलीकडे घ्या. आणि गेलेले पैसे परत मिळवायचा विषय बंद. एकदाची घसरण पुन्हा बुडण्यात बदलते ती इथंच, “तेवढे काढतो आणि सोडतो” या वाक्यावर. तीन हजार गेले ते गेले. त्यांचा पाठलाग तीस हजारांना पडतो.

पुन्हा केंद्रात कधी न्यायचं? घसरण सांगितली गेली आणि वाट बंद झाली, तर ओपीडीवर भागतं. लपवलं, नवी उधारी केली, किंवा जिवाची भाषा सुरू झाली, तर थांबू नका.

कधी सैल करायचं

बारा महिने वही आणि पासबुक जुळलं तर. एकदम सगळं नाही. आधी रोजची रक्कम वाढवा. दोन-तीन महिन्यांनी कमी मर्यादेचं डेबिट कार्ड. मग स्वतःचं यूपीआय, छोट्या खात्यावर, ज्यात महिन्याला ठरलेली रक्कमच पडते. क्रेडिट कार्ड आणि “आधी घ्या, नंतर भरा” वाली सोय पाच वर्षं तरी नको. आडतीवरची पट्टी खात्यावरच येत राहू द्या, त्यात आता कोणाची अडचण उरलेली नसते. जमिनीच्या कागदावर मात्र एकट्याची सही कधीच नको, आणि रविवारची अर्ध्या तासाची बैठक तेराव्या महिन्यातही लावाच, महिन्यातून एकदा का होईना.